मूल वाचतंय की पाठ म्हणतंय? पहिली ते चौथीच्या मुलांचं वाचन घरी आणि शाळेत कसं पक्कं करायचं

मी भांडुपला एका प्राथमिक शाळेत शिकवते, बरीच वर्षं पहिली-दुसरीच माझ्याकडे आहे. दरवर्षी जूनमध्ये एक तरी आई येऊन सांगते, बाई, ह्याच्या वाचनाचं टेन्शन नाही, पुस्तक धडाधड वाचतो. मग मी तेच पुस्तक उघडून मधल्याच एका ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवते आणि म्हणते हा वाच बाळा, आणि पोरगं गप्प. आईचा चेहरा पडतो. मला तेव्हा मुलाचा राग येत नाही की आईचा पण नाही, कारण माझ्या स्वतःच्या मुलाने मला दुसरीत असताना चार महिने असंच फसवलं होतं, धडा म्हणताना नजर खिडकीबाहेर आणि पान मात्र बरोबर वेळेवर उलटायचा. वर्गात सगळे एका सुरात वाचतात, घरी आपण आधी वाचून दाखवतो, मूल ते कानाने उचलतं, आणि ज्यांचं पाठांतर चांगलं ती मुलं यात सगळ्यात जास्त दिवस लपून राहतात. तिसरीत धडे मोठे झाले की मग एकदम उघडं पडतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, आधी मूल नेमकं कुठल्या पायरीवर उभं आहे ते शोधा आणि तिथूनच सुरू करा, इयत्ता कुठलीही असो.

आधी पाच मिनिटांची तपासणी

शाळेचं पुस्तक बाजूला ठेवा. त्याने कधीच न पाहिलेलं काहीतरी घ्या. एका कागदावर मोठ्या अक्षरात दहा अक्षरं लिहा, पण मुळाक्षरांच्या क्रमाने नाही, उलटसुलट. त्याखाली दहा सोपे शब्द, मग चार छोटी वाक्यं, आणि शेवटी आठ-दहा ओळींची एक गोष्ट. मुलांना वाचन-गणित किती येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात २००५ पासून साधारण अशाच पायऱ्या वापरतात, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, आणि अक्षर-शब्दांसाठीचा तिथला नियम मला फार आवडतो की पाचातली चार बरोबर आली तर ती पायरी आली असं धरायचं. शंभर टक्क्यांचा हट्ट नाही.

तपासताना चुका दुरुस्त करू नका, तोंड वाकडं करू नका, "अरे कालच तर शिकवलं होतं" हे तर अजिबात नको. फक्त ऐका आणि वहीत तारीख टाकून लिहा, कुठे अडला, काय ऐवजी काय वाचलं. ही वही जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चौथीतलं मूल शब्दाच्याच पायरीवर निघालं तर धक्का बसतो, मान्य आहे, पण त्याला चौथीचंच पुस्तक वाचायला लावून तो पुढे जाणार नाही. शब्दावर आहे तर शब्दापासून. रोज नीट काम केलं तर मोठी मुलं या खालच्या पायऱ्या पहिलीच्या मुलांपेक्षा पटकन चढतात, हे मी वर्गात पाहिलंय.

कान तयार करा, त्याला वही लागत नाही

अक्षर म्हणजे आवाजाची खूण. तो आवाज कानाला वेगळा ऐकूच येत नसेल तर खूण कशाची लक्षात ठेवणार? यासाठी आपल्याकडे भेंड्यांसारखा खेळ आहे आणि आपण तो फक्त सहलीच्या बसमध्ये काढतो. नावांच्या भेंड्या, भाज्यांच्या भेंड्या, गावांच्या भेंड्या, शब्दाचा शेवटचा आवाज पकडायचा आणि त्यावरून नवा शब्द काढायचा, वाचनाच्या आधी मुलाला नेमकं हेच यायला हवं असतं. लहान मुलांना अंत्याक्षर जड जातं, त्यांच्याशी पहिल्या आवाजाच्या खेळा, "मी बघितलं काहीतरी म वरून", मग मासा, माठ, मांजर. टाळ्या वाजवून शब्द तोडा, ब-ट-वा तीन टाळ्या, भा-जी दोन. आणि एक आवाज काढून टाकायला सांगा, बटवा मधला ब काढला तर काय राहिलं? टवा. मुलं खूप हसतात याला. भाजी निवडताना करा, लोकलमध्ये विंडो सीट मिळाली की करा, दोन-दोन मिनिटं पुरे.

अक्षरं, काना, मात्रा: इथे घाई करू नका

हा भाग मी सगळ्यात सविस्तर लिहितेय कारण जास्तीत जास्त गाडी इथेच अडकते.

पहिली गोष्ट, अ ते ज्ञ ओळीने शिकवत बसलं तर महिना-दोन महिने मुलाला एकही शब्द वाचायला मिळत नाही. त्यापेक्षा क, म, द, ब, र, ल, न, स अशी नेहमी लागणारी सात-आठ अक्षरं आणि जोडीला काना घ्या. लगेच मामा, काका, दादा, बाबा, काम, नाक, कान, साद, बदक तयार. पहिल्याच पंधरवड्यात मुलाला कळतं की या खुणांमधून काहीतरी अर्थ निघतो. तो आनंद फार मोठा असतो, तो लांबवू नका.

दुसरी गोष्ट, सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात नकोत. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, प आणि ष. एक पक्कं होऊ द्या, मधे दोन-तीन वेगळीच अक्षरं जाऊ द्या, मग दुसरं आणा.

तिसरी, बाराखडी. क का कि की चालीवर म्हणता येणं वेगळं आणि मधलंच 'कु' दाखवल्यावर वाचता येणं वेगळं. चालीवर म्हणू द्या, छान आहे ते, पण लगेच मधूनच विचारा. नाहीतर मूल मनातल्या मनात क पासून म्हणत कु पर्यंत येतं, मग पुढचं अक्षर पण तसंच, आणि शब्द संपेपर्यंत सुरुवात विसरतं. तसंच 'क ला काना का, म ला पहिली वेलांटी मि' हे पहिले काही दिवस ठीक, नंतर सोडवा. "ग ला काना गा, ड ला दुसरी वेलांटी डी" एवढं बोलून झाल्यावर गाडी दिसतच नाही मुलाला. सरळ गा, डी, गाडी.

पहिल्या वेलांटीला थोडा जास्त वेळ द्या. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर, त्यामुळे 'दिवा' मध्ये डोळ्याला आधी खूण दिसते, मग द. काही मुलं इथे दोन-तीन आठवडे अडखळतात, चालतं.

आवाज जोडताना तोडून तोडून वाचायची सवय लागू देऊ नका. का... म असं थांबून म्हटलं की दोन तुकडे राहतात, काऽऽम असा लांबवत पुढच्यावर सरकवा. आणि क-म-ळ असं सुटं वाचल्यावर मूल शेवटी 'कमळअ' म्हणतं, तेव्हा चूक म्हणू नका, "आता आपण घरी बोलतो तसं पटकन म्हण" एवढंच सांगा, ते स्वतःच कमळ म्हणेल. 'चार चाकं' वाचताना पण हेच, दोन्ही शब्दांत च लिहिलाय पण दोन्ही वेगळे बोलतो आपण. मराठी घरात बोलणाऱ्या मुलाला हे कानाने माहीत असतं, नियम सांगायची गरज नाही. घरी मराठी बोलत नसतील तर मात्र मोठ्याने वाचून ऐकवावं लागतं.

अनुस्वाराचंही तसंच. गंगा, घंटा, संत, आंबा, टिंब एकच पण आवाज प्रत्येक वेळी थोडा बदलतो. व्याकरण नको, असे दहा-बारा शब्द वाचून घ्या.

मग जोडाक्षरं, आणि त्यातला र. सूर्य मध्ये डोक्यावर, चक्र मध्ये पोटात, ट्रक मध्ये पायाशी, वाऱ्यावर मध्ये अजून वेगळा. एका दिवशी एकच रूप, आणि त्याचे भरपूर शब्द.

मुंबईत राहणाऱ्यांना यासाठी एक फुकटचं पुस्तक आहे, स्टेशनचे बोर्ड. मी माझ्या मुलाला सेंट्रल लाइनवर वाचायला शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. परळ, एकही काना मात्रा नाही. दादर, एक काना. ठाणे, काना आणि मात्रा. मुलुंड, दोन उकार आणि वर टिंब. कुर्ला, डोक्यावरचा र. विक्रोळी, पोटातला र. आणि विद्याविहार म्हणजे मोठी परीक्षा. वेस्टर्नवाल्यांना वसई, मालाड, दहिसर, अंधेरी, चर्चगेट, वांद्रे असं चढत जाता येईल. आज फक्त काना असलेली स्टेशनं शोधायची, उद्या वेलांटीवाली. गाडी स्टेशनात शिरताना हळू होते तेवढ्यात वाचायचं, मुलांना ती शर्यत वाटते.

रोजची पंधरा मिनिटं

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं कितीतरी बरी. मला माहितीय की नालासोपारा किंवा डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत साडेआठ-नऊ होतात, स्वयंपाक राहिलेला असतो आणि मूल पेंगत असतं. मग सकाळी शाळेची तयारी झाल्यावर बसवा, नाहीतर आजीकडे द्या, मोठ्या ताईकडे द्या. ऐकणारं माणूस हवं, बस. ज्या आयांना स्वतःला वाचता येत नाही त्या मला बिचकत सांगतात की आम्ही काय शिकवणार, त्यांना मी म्हणते तुम्ही पोळ्या लाटताना त्याला शेजारी बसवून वाचायला सांगा, आणि मधेमधे विचारा, मग काय झालं? तो का रडला? वाचणाऱ्याला ऐकणारा मिळाला की वाचावंसं वाटतं.

करायचं कसं ते सांगते. मजकूर असा घ्या की साधारण पन्नास शब्दांत मूल पाचपेक्षा जास्त वेळा अडत नाही. जास्त अडलं तर पुस्तक जड आहे, खालचं घ्या, लाज वाटून घेऊ नका. पहिल्या दिवशी तुम्ही आधी वाचा, ओळीखाली बोट फिरवत, मग दोघं मिळून, मग तो एकटा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोच मजकूर परत. एकच गोष्ट परत परत वाचण्यात काय अर्थ, असं वाटेल, पण त्यानेच अडखळणं कमी होतं. फक्त शेवटी मधले दोन-चार शब्द सुटे विचारा, पाठ झालंय की वाचतोय ते लगेच कळतं.

अडला की लगेच सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा. नाहीच जमलं तर पहिला आवाज तुम्ही द्या. "चित्र बघून ओळख काय असेल" असं मात्र सांगू नका, त्याने अंदाज मारायची सवय लागते आणि ती नंतर सोडवताना फार त्रास होतो, घोडा लिहिलेलं असताना मूल गाढव वाचतं आणि पुढे जातं. चित्रावर बोला, भरपूर बोला, पण वाचून झाल्यावर.

गावाला आजी असेल तर व्हॉट्सॲपवर रोज दोन ओळींचा व्हॉइस मेसेज पाठवायला सांगा. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पूर्ण पावसाळाभर कोकणातल्या आजीला गोष्ट वाचून पाठवली, चूक झाली की स्वतःच डिलीट करून परत रेकॉर्ड करायची. तेवढा सराव मी तिला वर्गात करून घेऊ शकले नसते.

आणि हो, मूल वाचायला लागलं म्हणून तुम्ही वाचून दाखवणं बंद करू नका. त्याला वाचता येतं त्यापेक्षा खूप अवघड गोष्ट त्याला ऐकून समजते, आणि शब्द तिथूनच येतात.

वाचलं पण कळलं का

१९८६ मध्ये गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाबद्दल एक साधी मांडणी केली, अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गुणिले, म्हणजे दोन्हीपैकी एक शून्य तर उत्तर शून्य. मुंबईत हे रोज दिसतं. महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, आणि एकेका वर्गात घरी मालवणी, आगरी, हिंदी, गुजराती बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. मराठी शब्द खडाखडा वाचणारं पण अर्थ न कळणारं मूल आणि सगळं समजणारं पण अक्षरं न जमणारं मूल, दोघांना एकच उपाय लागू पडत नाही. पहिल्याशी गप्पा मारा, गोष्टी सांगा, वाचायच्या आधी चार नवे शब्द वाक्यात वापरून दाखवा. दुसऱ्याला वरचं अक्षरांचं काम.

बोलीबद्दल माझं मत पक्कं आहे. पुस्तकात पाणी लिहिलंय आणि मूल पानी म्हणालं, तर ते वाचलं त्याने. ती वाचनाची चूक धरू नका, वाचता वाचता तर टोकूच नका. घरची भाषा दर ओळीला चुकीची ठरली की मूल तोंड उघडायचं बंद होतं.

प्रश्न विचारताना ज्याचं उत्तर ओळीतच लिहिलंय असे एक-दोनच ठेवा. कोल्हा कुठे गेला, हे झालं की कोल्ह्याने असं का केलं असेल, तू असतास तर, हे विचारा आणि उत्तर आलं की लगेच बरोबर-चूक न म्हणता "असं का वाटलं तुला?" एवढंच.

इंग्लिश मीडियमच्या आईवडिलांसाठी थोडंसं. दोन लिप्या एकदम आल्या तर घाबरू नका, आवाज तोडणं-जोडणं एका भाषेत आलं की दुसरीत उपयोगी पडतं. फक्त एका बैठकीत एकच लिपी ठेवा. हिंदी येत असेल तर देवनागरी तयारच आहे, मराठीसाठी ळ, वाऱ्यावर मधला र, च सारख्या अक्षरांचे दोन उच्चार आणि नवे शब्द एवढंच जास्त.

वर्गात काय करता येईल

हे माझ्यासारख्या शिक्षकांसाठी. पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुलं, एकेकाला उभं करून वाचून घेतलं तर एका मुलाला मिनिटभरही येत नाही आणि बाकीचे एकोणचाळीस खिडकीबाहेर बघतात. सामूहिक वाचनात न येणारं मूल फक्त ओठ हलवतं. मी ही दोन्ही कमी केली आणि जोड्या लावल्या. एक बरं वाचणारं, एक थोडं मागे असलेलं, फार मोठी तफावत नको, पाच-पाच मिनिटं आळीपाळीने. गोंगाट होतो, होऊ द्या. मी तेवढ्यात रोज पाच मुलांशेजारी बसून ऐकते, आठ दिवसांत वर्ग पूर्ण होतो.

रोज अर्धा तास तरी मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता पायरीप्रमाणे करा. १९९५ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने हीच पद्धत पुढे देशभर नेली. दुसरी-तिसरीच्या बाई एकत्र आल्या तर सहज जमतं, अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले दुसरीकडे. गटाला नाव फळाफुलांचं द्या, आणि पायरी ओलांडली की त्याच दिवशी मुलाला पुढच्या गटात पाठवा, परीक्षेची वाट बघू नका.

पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतील तर ती आहेत काय नि नाहीत काय. खिडकीच्या गजांना दोरी बांधून त्यावर लटकवा. फाटतील काही. चिकटपट्टी ठेवा.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. आकडा माहीत असावा, पण मराठीत 'घरासमोरच्या' हा पण एकच शब्द मोजला जातो हे लक्षात ठेवा, आणि मुलासमोर मोबाइलचा स्टॉपवॉच धरून रोज पळवू नका. महिन्यातून एकदा पुरे. अर्थ समजून हे दोन शब्द त्या लक्ष्यातच आहेत.

पालकांनो, पालकसभेत मार्क विचारायच्या आधी विचारा, बाई, न पाहिलेला मजकूर वाचायला दिला तर हा कुठल्या पायरीवर आहे?

पुस्तकं कुठून आणायची

बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, खालच्या इयत्तेचं पुस्तक उतरवून घ्या, सरावाला उत्तम. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन वाचता येतात, चौथीच्या पुढच्यांना जास्त आवडेल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी गोष्टी पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत, फुकट, प्रिंट काढता येतात. मोबाइलवर वाचायचं तर शेजारी बसा. जवळच्या मराठी ग्रंथालयात बालविभाग आहे का चौकशी करा, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायला मुलाला घेऊन जा आणि त्याला स्वतःला निवडू द्या. त्याने क्रिकेटवरचं निवडलं तर क्रिकेटवरचं.

एवढं करूनही हलत नसेल तर

आधी डोळे आणि कान तपासा. माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर आळशी म्हणून ओरडा खात होता, चष्मा लागल्यावर दोन महिन्यांत शब्दांवरून वाक्यांवर आला. मी पण ओरडले होते त्याला. ते अजून बोचतं.

डोळे-कान ठीक आहेत, चार-सहा महिने रोज नीट सराव झालाय, मूल सात-आठ वर्षांचं झालंय, तोंडी सगळं छान सांगतं पण कागद समोर आला की कालचं अक्षर आज ओळखत नाही, ओळी गाळतं, पोट दुखतंय म्हणून वाचन टाळतं, तर डिस्लेक्सियासाठी, म्हणजे हुशार मुलालाही वाचणंच जड जातं त्या अध्ययन अक्षमतेसाठी, तपासून घ्या. मुंबईत सायन, केईएम, नायर या महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, वेळ लागतो, खेपा घालाव्या लागतात, पण जा. जाताना ती तारखा टाकलेली वही सोबत न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. शेजारीपाजारी काय म्हणतील म्हणून दोन-तीन वर्षं घालवलेली घरं मी पाहिलीत, तेवढ्या वेळात मुलाने स्वतःला मठ्ठ समजायला सुरुवात केलेली असते.

बाकी सगळ्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी परत तीच पाच मिनिटांची तपासणी करा, शब्द आणि गोष्ट मात्र दर वेळी नवीन, नाहीतर तीही पाठ होईल. मागच्या महिन्याचं पान उघडून मुलाला दाखवा, बघ, तेव्हा तू 'दिवा' वर अडला होतास.